मधल्या मापाचे इंजेक्टर

मीटरबाई हे नाव तिला खाणीतल्या ड्रायव्हरांनी ठेवलं होतं, आणि ते काही कौतुकाने ठेवलेलं नव्हतं. तिच्या ट्रकमध्ये स्टेअरिंगशेजारी एक गोल काटा होता. इंजिनातून बाहेर पडणारा धूर किती तापलाय, ते तो दाखवायचा. हा काटा तिच्या नवऱ्याने हौसेने बसवला होता. काही लोक आरशाला बाहुली टांगतात, त्याच हौसेने. बसवल्यावर त्याच्याकडे अधूनमधून बघायचंही असतं, हे मात्र नवऱ्याच्या मनात कधी आलं नाही. ती बघायची. चढावर काटा लाल पट्टीकडे सरकायला लागला की ती पाय थोडा उचलायची, गाडी मंदावायची, मागच्या गाड्या हॉर्न मारायच्या, आणि वर पोचेपर्यंत तिच्या नावाला आणखी थोडी धार आलेली असायची.

नवऱ्याला मात्र सगळे उस्ताद म्हणत. कंपनीने हे इंजिन बनवलं तेव्हा ते साधं, सरळमार्गी होतं. उस्तादांनी त्याला वळण लावलं. भंगारात निघालेल्या एका मोठ्या यंत्राचा टर्बो, म्हणजे इंजिनात हवा कोंबणारा पंखा, त्याला जोडला, डिझेलचा पंप वाढवला, डोक्यावरचे बोल्ट जाड केले. कंपनीचा इंजिनियर हे बघायला आला असता तर त्याने आधी बसायला खुर्ची मागितली असती. पण इंजिन चालायचं, नुसतं चालायचं नाही तर ओढायचं, आणि खाणीत तेवढंच विचारलं जातं.

खाण म्हणजे जमिनीतला एक भलामोठा खड्डा. तळाशी दगडाचे ठोकळे कापायचे, ट्रकवर चढवायचे आणि कडेकडेने गेलेल्या कच्च्या रस्त्याने वर आणायचे. या रस्त्यावर सगळ्यात वर एक वाईट वळण होतं, आणि जिथे वाईट वळण असतं तिथे बघे असतात, म्हणून तिथे एक चहाची टपरी आणि एक बाक होता. वळणावर आलं की ड्रायव्हरने पाय पुरा दाबायचा आणि मागे काळ्या धुराचा खांब उभा करायचा, अशी तिथली रीत. याला झेंडा लावणं म्हणत. झेंडा किती जाड, किती उंच, विरायला किती वेळ लागला, यावर बाकावरची मंडळी ड्रायव्हरची लायकी ठरवत. काळा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल, म्हणजे रोख देऊन आणायचं आणि हवेत सोडून द्यायचं, हे त्या बाकावरच्या प्रत्येकाला ठाऊक होतं. पण झेंड्याचा उपयोग काय, असं कोणी झेंड्याला विचारत नाही.

उस्तादांचा झेंडा खाणीत सगळ्यात मोठा होता. मग त्यांची पाठ गेली. एके दिवशी टायर उचलताना कमरेत काहीतरी तुटल्यासारखं झालं आणि त्यानंतर माणूस वाकायचाच बंद झाला. आयुष्यभर कुणापुढे वाकलो नाही, असं ते पूर्वी अभिमानाने सांगत. आता सांगत नसत. पूर्वीही रिकामी गाडी परत आणताना ते शेजारी झोपत आणि गाडी तीच चालवी, तेव्हा स्टेअरिंग तिच्याकडे आलं यात फारसं आश्चर्य नव्हतं. आश्चर्य सगळ्यांना वाटलं, ती गोष्ट वेगळी. उस्तादांची खुर्ची अंगणात आली. घर खाणीच्या पलीकडच्या टेकाडावर होतं, आणि खुर्चीतून बरोबर समोर ते वळण दिसायचं. गाड्या कडेच्या दगडांआड जात, दिसायचा तो त्यांचा धूर.

आता नेमके इंजेक्टर गेले. इंजेक्टर म्हणजे इंजिनाला डिझेल भरवणारा चमचा. प्रत्येक सिलिंडरला एक, असे या इंजिनाला सहा. पंपमास्तरने, म्हणजे पंप आणि इंजेक्टर दुरुस्त करणाऱ्या दुकानदाराने, जुने सहाही आपल्या तपासणीच्या यंत्रावर लावून तिला दाखवले. डिझेलचं बारीक धुकं उडायला हवं, तिथे एकातून थेंब गळत होते आणि एक तर बाजूच्या भिंतीवर पिचकारी मारत होता. म्हाताऱ्या माणसाने जेवताना सांडावं तसं. नवे घ्यायला हवेत, यावर दोघांचं एकमत झालं. कुठले, यावर झालं नाही.

पंपमास्तरने काउंटरवर तीन मापं मांडली. कंपनीचं लहान, एक मधलं आणि एक मोठं, आणि मांडता मांडताच मोठं माप पुढे सरकवलं. उस्तादांचा फोन येऊन गेला होता.

तिने मधलं उचललं.

"वहिनी, उस्तादांनी मोठे सांगितलेत," पंपमास्तर म्हणाला. "एकदा घरी विचारून या ना."

"मी घरूनच आलेय," ती म्हणाली.

पंपमास्तरला स्वतःचं मत होतं, पण ते तो दुकानात वापरत नसे. तिने त्याला सरळ विचारलं, की हा टर्बो जेवढी हवा आत ढकलतो तेवढ्या हवेत कुठल्या मापाचं डिझेल पूर्ण जळेल? त्याने इकडेतिकडे बघितलं. मग हळूच म्हणाला की मधल्या मापाचं. मोठ्यातून जास्त पडेल, पण जळायला हवा कुठून आणणार, निम्मं धूर होऊन जाईल आणि उरलेलं पिस्टन भाजेल. एवढं बोलून त्याला स्वतःचीच भीती वाटली असावी, कारण लगेच त्याने पुस्ती जोडली, की हे मी सांगितलं असं मात्र उस्तादांना सांगू नका. तिने सहा मधले यंत्रावर लावायला लावले, सहाही एकसारखं धुकं उडवतात हे उभं राहून बघितलं आणि जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून घरी आणले.

घरी जे झालं त्याला भांडण म्हणता येणार नाही, कारण भांडणात दोन्ही बाजूंना काहीतरी नवीन सुचतं. उस्ताद जे बोलले ते ती आधी बऱ्याचदा ऐकून होती, आणि ती जे बोलली ते त्यांनी ऐकलंच नाही. मधले इंजेक्टर म्हणजे पहिलवानाला बाळगुटी, असं त्यांचं म्हणणं. एवढा टर्बो काय शोभेला बसवलाय? तिने सांगितलं, की मोठे लावले तर चढावर काटा लालमध्ये जाणार, मला पाय उचलावा लागणार, मग त्या मोठ्यांचा उपयोग काय? उस्ताद म्हणाले, पाय उचलू नकोस. काट्याकडे बघितलं नाही तर काटा काही बोलत नाही.

"गाडी मी चालवते," ती म्हणाली. "तिला काय भरवायचं ते मीच ठरवणार."

यावर उस्तादांनी एक अट घातली, आणि खरा प्रश्न इंजेक्टरचा नव्हताच हे त्या अटीने उघडं केलं. ठीक आहे, तुझे मधले लावू. भरल्या गाडीने चढ चढला तर चढला. नाही चढला, तर मोठे बसतील, आणि मोठ्यांना तुझा पाय घाबरत असेल तर पैलवानाचा भाऊ गाडी चालवेल. तो नाहीतरी काम शोधतोच आहे. पैलवान म्हणजे खाणीतला दुसरा ड्रायव्हर, ज्याचा झेंडा उस्तादांच्या पाठीनंतर पहिल्या नंबरावर आला होता. त्याच्या भावाने काम शोधताना अद्याप कुणी बघितलं नव्हतं, पण मुद्दा तो नव्हता. मुद्दा हा होता, की चढ हुकला तर ती अंगणात दुसऱ्या खुर्चीवर बसणार होती.

तिने अट मान्य केली. खरं तर अट मान्य करायला तिला कुणी विचारलं नव्हतं.

"पण बसवणार मी," उस्ताद म्हणाले. "माझ्या इंजिनाला परका हात नको."

परका म्हणजे कुणाचा, हे त्यांनी सांगितलं नाही. अंगणात दोघंच होती.

मग कमरेला पट्टा आवळून, एका हाताने बॉनेट धरून, उस्ताद खोक्यावर ताठ उभे राहिले आणि कामाला लागले. वाकता येत नव्हतं, म्हणून इंजेक्टरच्या भोकात डोकावताही येत नव्हतं. हात आत घालून बोटांनीच चाचपत होते. ती बॅटरी धरून शेजारी उभी राहिली तर उजेड डोळ्यात जातो म्हणाले. बाजूला सरली तर सावली पडते म्हणाले. शेवटी ती आत निघून गेली. प्रत्येक इंजेक्टरच्या खाली तांब्याचा एक वायसर असतो, नाण्याएवढा, मध्ये भोक असलेला; इंजेक्टर किती खोल बसणार ते त्याच्या जाडीवर ठरतं. जुना काढायचा, नवा घालायचा. काढलेले जुने वायसर तारेत ओवून ड्रायव्हरच्या दाराशी टांगून ठेवायची उस्तादांना सवय होती. शिकाऱ्याने दात जपावेत तशी. काम संपलं तेव्हा नवी तार दाराशी टांगलेली होती आणि उस्तादांचा चेहरा घामाने डबडबला होता, पण हसरा होता. खूप दिवसांनी त्यांचे हात काळे झाले होते.

दुसऱ्या दिवशी तळाशी मुकादमाने मोठा ठोकळा चढवला. ही गाडी वर जात नसेल तर तिला वरच्या सपाटीवरच खडी वाहायला लावू, असं तो आधीच बोलून चुकला होता. तिने गिअर टाकला. पहिल्या चढालाच तिला जाणवलं की काहीतरी बिनसलंय. इंजिन खोकत होतं, आतून कुणीतरी दार ठोठावावं तसा ठक ठक आवाज येत होता. गाडी ओढेना. वळणापर्यंत ती सगळ्यात खालच्या गिअरवर आली, मागे पैलवानाचा हॉर्न, आणि आरशात बघते तर काय, तिच्या गाडीमागे काळाकुट्ट धूर.

बाकावरून टाळ्या पडल्या. आज मीटरबाईनेही झेंडा लावला, असं टपरीवाला म्हणाला, आणि त्याच्या आवाजात मनापासूनचा आनंद होता. इतक्या दिवसांत त्या बाकाने तिचं पहिल्यांदा कौतुक केलं, तेही गाडी रांगत असताना. वर पोचल्यावर पैलवानाच्या गाडीतून उतरून मुकादमाने तिच्या गाडीकडे बघितलं, धुराकडे बघितलं आणि सांगितलं की एक फेरी आणखी बघू, नाहीतर खडी.

गाडी रिकामी करून ती घरी आली. उस्ताद खुर्चीत खूश होते. झेंडा दिसला म्हणाले. बारीक होता, पण होता. गाडी ओढत नाही हे तिने सांगितल्यावर मात्र ते गंभीर झाले, म्हणजे गंभीर होण्याचा त्यांनी प्रयत्न केला. आधीच सांगितलं होतं, हे चेहऱ्यावर येऊ न द्यायला त्यांना फार कष्ट पडत होते. मधल्यात दमच नाही, आता मोठे आण, एवढंच ते बोलले. पैलवानाच्या भावाला किल्ल्यांसाठी संध्याकाळी यायला सांगूनही झालं होतं.

ती हातातला पाना खेळवत उभी राहिली. तिला दोन गोष्टी कळत होत्या आणि त्या एकमेकींना पटत नव्हत्या. गाडी धड चढली नव्हती, हे खरं. पण कमी भरवलं तर माणूस उपाशी राहतो, ओकत नाही. चमचा लहान असेल तर गाडी दमेल. एवढा काळा धूर कुठून येईल?

"मधले चुकले असतील तर चुकू देत," ती म्हणाली. "तुमचे मोठे मी स्वतः आणीन. पण आधी ते नीट बसलेत का, ते बघणार."

"मी बसवलेत," उस्ताद म्हणाले.

"म्हणूनच."

हे बोलणं जरा जास्तच झालं, हे तिलाही कळलं. पण तोंडातून गेलेलं परत घ्यायची तिला सवय नव्हती, आणि आज ती लावून घ्यायचा दिवसही नव्हता.

तिने इंजिन सुरू केलं, बॉनेट उघडलं आणि इंजेक्टरला डिझेल पोचवणाऱ्या नळीचा पहिला नट पान्याने सैल केला. नळी सैल केली की त्या सिलिंडरला डिझेल मिळत नाही, तो बंद पडतो आणि इंजिन लंगडतं. इंजिन लंगडलं. तिने नट आवळला, दुसरा सैल केला. पुन्हा लंगडलं. तिसऱ्यालाही तसंच. चौथा नट सैल केला, तेव्हा इंजिन थोडं लंगडलं खरं, पण ठक ठक थांबली आणि मागचा धूर साफ झाला. दहा जणांच्या गलक्यात एक जण बोलायचा थांबावा आणि कळावं, की गलका तो एकटाच करत होता, तसं झालं.

इंजिन बंद करून ती पाना ठेवायला दाराशी गेली आणि तिथे टांगलेली तार तिला दिसली. नव्या तारेत वायसर होते पाच.

ती परत बॉनेटकडे वळली. चौथा इंजेक्टर तिने सोडवला, वर ओढला. नवा वायसर त्याच्या टोकाला चिकटून आला, चकचकीत. उस्ताद काठी टेकत जवळ आले होते. तिने त्यांच्या हातात बॅटरी दिली आणि उजेड कुठे धरायचा ते दाखवलं. तो तिच्या डोळ्यात जात होता, पण तिने तक्रार केली नाही. तिने एका तारेचं टोक वाकवून आकडा केला, भोकात घातला, काजळी खरवडली, पुन्हा घातला. बोटाला तो तळच वाटला असता. जुना वायसर काजळीने असा बसला होता की जागेचाच झाला होता. त्याच्यावर नवा वायसर, त्याच्यावर इंजेक्टर. म्हणजे चमचा तोंडात नव्हता, ओठांवर होता, आणि सगळं बाहेर सांडत होतं.

आकड्याला अडकून जुना वायसर वर आला. काळा, पातळ, एका बाजूने झिजलेला. तिने तो उस्तादांच्या तळहातावर ठेवला.

उस्तादांनी तो अंगठ्याने उलटा केला.

"पाचच निघाले होते?"

"तुम्ही मोजले नाहीत?"

"मी कधीच मोजत नाही."

"माहीत आहे," ती म्हणाली.

ते ताठ चालत दाराशी गेले, तार सोडवली, सहावा वायसर तिच्यात ओवला आणि तार पुन्हा टांगली. तोवर तिने भोक पुसून, नवा वायसर घालून, इंजेक्टर जागेवर बसवला होता. परका हात इंजिनाला लागला होता, आणि इंजिनाने काही मनाला लावून घेतलं नाही. सुरू केल्यावर ते असं चालायला लागलं की उस्तादांनी एकदा कान दिला, मग दुसरा कान दिला.

त्याच वेळी पैलवानाचा भाऊ फाटकातून आत आला. नवीन कामाला साजेसा गॉगलही त्याने लावला होता. किल्ल्या मागितल्या. ती उस्तादांकडे बघत राहिली. हे उत्तर तिने द्यायचं नव्हतं.

उस्ताद खुर्चीत बसले, काठी नीट टेकवली.

"किल्ल्या उद्या तिला लागणार आहेत," ते म्हणाले.

"परवाही," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मुकादमाने कालच्यापेक्षा मोठा ठोकळा चढवला. मुद्दाम, हे उघड होतं. मागे पैलवान. पहिला चढ गेला, दुसरा गेला. काटा वर सरकला, लाल पट्टीच्या अलीकडे येऊन थांबला आणि तिथेच राहिला, पाहुण्याने उंबऱ्यावर थांबून आत येऊ का विचारावं तसा. तिने येऊ दिला नाही. पण पायही उचलला नाही. वळणावर तिने पाय पुरा दाबला, टर्बोची शीळ चढत गेली, ठोकळ्याच्या वजनाने चाकं जमिनीत रुतत गेली आणि गाडी एका दमात वळण काढून वर आली.

मागे काहीच नव्हतं. बाकावरच्या मंडळींनी झेंड्यासाठी माना वर केल्या होत्या, त्या वरच राहिल्या. एकाने शंका काढली की गाडी रिकामी असणार. दुसऱ्याने ठोकळ्याकडे बोट दाखवलं. तिसऱ्याचं म्हणणं पडलं की आज बहुतेक चढ कमी असावा. मग पैलवान आला, त्याने सवयीने झेंडा लावला, चांगला दणदणीत लावला, आणि तो विरायच्या आत इंजिन तापलं म्हणून गाडी टपरीपुढेच उभी केली. बाकाने टाळ्या वाजवल्या, पण जरा उशिराने. मुकादमाने तिच्याजवळ खडीचं नाव काढलं नाही. तेवढ्यावर तिने समाधान मानलं. मुकादमाकडून याहून जास्त कुणालाच मिळालेलं नव्हतं.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा उस्ताद अंगणात उभे होते. उभे, खुर्ची सोडून. चेहरा पांढरा पडलेला. चढलीस का, असं त्यांनी विचारलं. ती म्हणाली, एका दमात. तरी त्यांच्या चेहऱ्यावर काही उमटेना. ते खुर्चीत बसले आणि समोरच्या वळणाकडे हात करून तुटक तुटक बोलायला लागले. दिवसभर बघत होते. पैलवानाचा धूर दिसला. तिच्या आधीच्या गाडीचाही दिसला. तिचा काही दिसला नाही; आजवर ती पाय उचलायची, तरी बारीकसा का होईना दिसायचा. गाडी वळण काढून वर गेली की खाली खड्ड्यात कोसळली, कळायला मार्ग नव्हता.

"धूर दिसला की समजायचं," ते म्हणाले, "वळण निघालं म्हणून."

 इतके दिवस झेंडा म्हणजे यांचा नाक वर करायचा सोस, असं ती धरून चालली होती. तो सोस होताच. एवढ्यावरून तो माफ करायचं काही कारण नव्हतं. पण त्याच्या मागे एक माणूस रोज या खुर्चीत बसून धुराची वाट बघत होता, ही गोष्ट तिच्या काट्यावर कधी दिसली नव्हती.

"नुसतं वळणावर," उस्ताद म्हणाले. "थोडासा. पंपाचा स्क्रू जरासा फिरवला की..."

"नाही," ती म्हणाली.

"अगं, थोडासाच."

"थोडासाही नाही. वळणावर हॉर्न मारीन. ऐकू येईल इथपर्यंत."

उस्तादांनी यावर विचार केला. हरल्यावरही शेवटचा शब्द आपला असावा, ही त्यांची जुनी सवय पाठीबरोबर गेलेली नव्हती.

"वळणावर हॉर्न सगळेच मारतात," ते म्हणाले.

"मग माझा ओळखायला शिका," मीटरबाई म्हणाली, आणि किल्ल्या घेऊन आत गेली.